हसवणाऱ्यांचे आवाज जपा: आकाशवाणीच्या महासंचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. महासंचालक, आकाशवाणी,
नवी दिल्ली



हे पत्र जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावहून लिहितो आहे. मागणी एकच आहे. ज्यांनी निव्वळ आवाजाच्या जोरावर मराठी माणसाला हसवलं, त्या रेडिओवरच्या आणि तमाशातल्या कलावंतांचे आवाज आकाशवाणीने शोधावेत, जे हयात आहेत त्यांचे नव्याने मुद्रित करावेत आणि हा सगळा ठेवा लोकांसाठी खुला करावा. 12 नोव्हेंबर 1947 रोजी गांधीजी दिल्लीच्या प्रसारण भवनात येऊन कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले. ते बोलणं आपल्या संस्थेने जपलं, म्हणून आज ते ऐकता येतं. मोठमोठ्या गवयांच्या मैफली आपण जपल्या आणि 'आकाशवाणी संगीत'च्या तबकड्यांतून लोकांच्या घरी पोचवल्या. हीच आस्था विनोदी कलावंताच्या वाट्याला यावी, एवढंच मागणं आहे.

सुरुवात आपल्याच घरातल्या माणसापासून करतो. बाळ कुडतरकर 1939 साली आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर आले आणि पुढची सुमारे चार दशकं तिथेच रमले. 2020 साली, शंभरीला थोडीच वर्षं उरलेली असताना ते गेले. 'कामगार सभा', 'गंमत जंमत' अशा कार्यक्रमांतून त्यांचा आवाज घरोघरी ओळखीचा झाला. पण महाराष्ट्राने त्यांना खरा जीव लावला तो 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी म्हणून. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि ऐन वेळी घरात टपकणारे हे भावजी. तीन माणसं आणि एक मायक्रोफोन, एवढ्यावर चाळीतलं अख्खं बिऱ्हाड उभं राहायचं. महागाई, पाहुणे, नळाचं पाणी, मुलांच्या शाळा, विषय रोजचेच असत. भावजी दारातून नुसतं 'काय वहिनी' म्हणाले, तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायचं. ना चेहरा दिसायचा, ना हातवारे. सगळा खेळ शब्दाच्या फेकीचा आणि थांबायचं कुठे, याच्या अचूक समजेचा.

मुंबईच्या कार्यक्रमाचं जुन्नर-आंबेगावला एवढं अप्रूप का, असं कुणी विचारील. आमच्या दोन्ही तालुक्यांतलं एक घर सांगा, ज्यातला माणूस पोटासाठी मुंबईला गेला नाही! गिरण्यांत, गोदीत, बाजारात ओझी उचलायला आणि डबे पोचवायला आमची माणसं गेली. ती आठ-दहा जणांच्या खोलीत राहायची आणि 'कामगार सभा' ऐकायची. इकडे गावात मुंबई आणि पुणे ही दोन्ही केंद्रं मध्यम लहरींवर लागायची. एकच विनोद त्याच संध्याकाळी परळच्या खोलीतही ऐकला जायचा आणि ओतूर-घोडेगावच्या ओसरीवरही. नवरा तिकडे, बायको इकडे, आणि दोघं एकाच वाक्याला हसलेली. त्या काळात हे काम रेडिओशिवाय दुसऱ्या कुणालाही जमलं नसतं.

हे ऐकणं फुकट नव्हतं, हेही आपल्या ध्यानात आणून देतो. रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. दरवर्षी पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून घ्यावी लागत. शेतमजुराने नि गिरणी कामगाराने पदरमोड करून भरलेल्या त्या पैशांवर हे कार्यक्रम उभे राहिले. म्हणून आम्ही दान मागत नाही. ज्याची किंमत आमच्या आधीच्या पिढीने चुकती केली, ते त्यांच्या नातवंडांना ऐकू द्या, असं म्हणतो आहोत.

रेडिओवर हसवणाऱ्याचं वजन काय असतं, ते तमिळनाडूकडे पाहिलं की कळतं. कोइंबतूर आणि चेन्नईच्या खासगी वाहिन्यांवर बोलणारा आर. जे. बालाजी आधी आवाज म्हणूनच लोकांना ठाऊक झाला. 'क्रॉस टॉक' या कार्यक्रमातल्या फोनवरच्या थट्टेने तो घराघरात पोचला. पुढे तो क्रिकेटचं तमिळ समालोचन करू लागला आणि 2019 च्या 'एलकेजी' या राजकीय विनोदी चित्रपटात नायक झाला. पण मला त्याच्या कारकिर्दीतली महत्त्वाची गोष्ट वाटते ती 2015 च्या डिसेंबरातली. चेन्नई पुरात बुडाली तेव्हा मदतकार्यात पुढे झालेल्यांत तो होता, आणि त्याच्या हाकेला माणसं धावली. रोज हसवणाऱ्या आवाजावर लोकांचा विश्वास बसलेला असतो, आणि संकटात तो असा उपयोगी पडतो. तमिळ समाजाने आपल्या विनोदवीरांना कायम डोक्यावर घेतलं. आपणही घेतलं, पण चित्रपटात दिसले त्यांनाच.

आता आमच्या गावाकडे येतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला. त्याच फडात भाऊंची लेक विठाबाई वाढली, आणि तिच्या नावाने आज राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या पडतात. पुणे, नगर, नाशिक आणि त्याही पलीकडच्या गावांचे पंच गाड्या करून येतात. राहुटीत सतरंजीवर वही उघडलेली असते, समोर फडाचा मॅनेजर, मागे मालकाच्या फोटोचा फलक. पंच आधी तारीख सांगतात, मग देवाचं नाव आणि गाव. वहीतली तारीख मोकळी असली की बोलणी सुरू होतात. नाचणाऱ्या पोरी किती, वग कुठला, लाइटची सोय कशी, हे विचारून होतं. मग पंचांतला सगळ्यात वडीलधारा माणूस, जो तोवर गप्प बसलेला असतो, तो विचारतो, "सोंगाड्या कोण हाय यंदा?" त्या उत्तरावर सुपारीचा आकडा वर-खाली होतो. इसार दिला जातो, वहीत गावाचं नाव चढतं, आणि पंच पुढच्या खरेदीला लागतात.

त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात तमाशाचं सगळं शास्त्र आहे. गण झाला की गवळण. गवळणीत सोंगाड्या डोक्यावर पदर घेऊन मावशी होतो, नाहीतर पेंद्या होऊन कृष्णाच्या मागे लंगडत येतो. मग बतावणी, मग वग, आणि वगात तो कधी हवालदार तर कधी राजाचा मित्र. रात्रभर प्रेक्षकांना बसवून ठेवायची जबाबदारी त्याच्या शिरावर असते. पहाटे तीनला गारठ्यात माणसं घोंगड्या गुंडाळून उठायच्या बेतात असतात, तेव्हा त्यांना परत खाली बसवतो तो सोंगाड्याच.

बतावणी कशी चालते, त्याचा एक मासला पाहा. सरदार विचारतो, "एवढा वेळ कुठं व्हतास?" सोंगाड्या म्हणतो, "येत व्हतो." "कुठनं?" "रस्त्यानं." "मग उशीर का?" "खड्ड्यात पडलो." "मग निघायचं वर!" "निघत व्हतो..." इथे तो थांबतो. पहिल्या रांगेकडे बघतो. ढोलकीवाला तेवढ्यात हलकी थाप देतो. मग अगदी हळू आवाजात, "पर तिथं तुमचं सरपंच आधीच बसल्यालं. त्यांना सोडून कसं यायचं?" सगळी जत्रा हसते, आणि सरपंच सगळ्यांत मोठ्याने हसतात, कारण त्यांना हसावंच लागतं. दुपारी गावात शिरल्या शिरल्या सोंगाड्याने चहाच्या टपरीवर बसून रस्ता कोणी अडवलाय, टाकी का गळते, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, याची माहिती काढलेली असते. रात्री तो ती गावासमोर मांडतो. ज्या गावात सरपंचाला तोंडावर बोलायची कुणाची छाती नसते, तिथे एका रात्रीपुरतं हे स्वातंत्र्य सोंगाड्याला असतं, आणि गाव ते मान्य करतं.

हे कुठेही लिहिलेलं नसतं. प्रयोगाच्या परवानगीसाठी सेन्सॉर मंडळाकडे वगाची संहिता द्यावी लागते, पण सोंगाड्या जे बोलतो ते त्या कागदात नसतं. पोरगा फडात येतो तो तुणतुणं धरून झीलकरी म्हणून. मागे उभा राहून वर्षानुवर्षं ऐकतो. एक दिवस मुख्य सोंगाड्या आजारी पडतो आणि पोराला पुढे ढकललं जातं. तिथून त्याचं सोंगाडेपण सुरू होतं. त्याचं शिक्षण कानाने झालेलं असतं आणि कमाई जिभेवर असते. तो गेला की सगळं त्याच्याबरोबर जातं. शिवाय या कलावंतांतले बहुतेक दलित आणि भटक्या समाजातले. त्यांच्या तोंडची भाषा ही मराठीची संपत्ती आहे, असं शहाण्यासुरत्या समाजाला फार उशिरा सुचलं. जे टिपून ठेवायला हवं होतं ते टिपलं गेलं नाही, त्याचं हे एक उघड कारण आहे.

आमच्याच पुणे जिल्ह्यातलं एक मोठं नाव घेतो. मावळातल्या इंदुरी गावचे दादू इंदुरीकर. 'गाढवाचं लग्न' या वगातला त्यांचा सावळा कुंभार पाहायला शहरातले नाटकवाले आणि लेखक मुद्दाम जात. संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. 1980 साली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना ते गेले. त्यांचा वग पुढे इतरांनी रंगमंचावर आणला, 2007 साली त्यावर चित्रपटही आला. वगाची गोष्ट टिकली, याचा आनंद आहेच. पण सावळा कुंभार गाढवाशी बोलताना दादूंचा आवाज कुठे चढायचा आणि कुठे घोगरा व्हायचा, हे गोष्टीवरून कसं कळणार? सांगलीकडच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ 'जहरी प्याला'मध्ये हवालदार होऊन आले की तंबूत बसायला जागा उरत नसे. एकाचं वाक्य दुसऱ्याने कसं उचलायचं, हे त्या दोघांकडून शिकावं. ते शिकायचं तर ऐकायलाच हवं.

मराठी विनोदातलं काय टिकलं, हे एकदा मांडून पाहिलं तर चित्र स्वच्छ होतं. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यातून पुढे आले, पण नव्या पिढीला ते ठाऊक आहेत ते 1971 च्या 'सोंगाड्या'पासूनच्या चित्रपटांमुळे. पु. ल. देशपांडे 1955 मध्ये पुणे आकाशवाणीत आले. त्यांचा विनोद पुस्तकांत उतरला, ध्वनिफितींवर आला, म्हणून तो आजही घरोघरी ऐकला जातो. त्याच वर्षी रामनवमीला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. वर्षभरात 56 गीतं प्रसारित झाली आणि ती जपली गेली, म्हणून तिसरी-चौथी पिढी ती गुणगुणते आहे. म्हणजे ज्याला चित्रपट, पुस्तक किंवा तबकडी मिळाली, तो उरला. टेकाडे भावजींसारखा रेडिओवरचा नट आणि राहुटीतला सोंगाड्या या दोघांची गत अशी की, ते फक्त आवाजात राहतात. दोघांनाही वाचवणारं माध्यम एकच, आणि ते आपल्या ताब्यात आहे.

उशीर किती महाग पडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता, आणि करोनाच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. जत्रा रद्द झाल्या, वह्यांतल्या तारखा कोऱ्या राहिल्या. पुढचा हंगामही तसाच गेला. कलावंतांनी मजुरी केली, भाजी विकली, सामान गहाण टाकलं. 2021 च्या मे महिन्यात संगमनेरला ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर करोनाने गेल्या. सहा दशकांहून अधिक काळ पाहिलेला तमाशा त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्यासारखी नावं वर्तमानपत्रात तरी आली. फडातला जो सोंगाड्या त्या दोन वर्षांत थकून गावी जाऊन बसला, तो परत चेहऱ्याला रंग लावायला आलाच नाही, त्याची बातमी कुठे येणार? आज मोबाइलवर तमाशाच्या चित्रफिती भरपूर फिरतात, पण त्या बहुतांशी लावणीच्या नि नाचाच्या तुकड्यांच्या. वीस-पंचवीस मिनिटं रंगत जाणारी बतावणी अशा तुकड्यांत बसत नाही. नवीन पोरगा पाहून शिकतो म्हटलं, तरी त्याला पूर्ण नमुना मिळत नाही.

आमच्या तालुक्याचं आणखी एक वैशिष्ट्य आपल्याला ठाऊक असेल. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण लहरी तिथे टिपल्या जातात. त्यांना गोंगाट नको म्हणून आमच्या भागात उद्योगांवर आणि लहरी सोडणाऱ्या यंत्रांवर बंधनं आहेत. आम्ही ती आनंदाने पाळतो, आणि जगभरचे शास्त्रज्ञ इथे येतात याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच आम्ही इथे नवं प्रक्षेपण केंद्र मागत नाही. मुद्रण करायला लहर सोडावी लागत नाही. दोन चांगले मायक्रोफोन, एक मुद्रणयंत्र आणि भाषेची जाण असलेला एक कार्यक्रम अधिकारी पुरेसा आहे. एवढ्या दुरून येणारं ऐकण्यासाठी देशाने इथे कान लावला. त्याच मातीतल्या माणसाचं बोलणंही देशाने ऐकावं.

आता नेमकं काय करायला हवं, ते सांगतो.

पहिलं, मुंबई, पुणे आणि राज्यातल्या इतर केंद्रांकडे मराठी विनोदी श्रुतिका, नभोनाट्यं, बतावण्या आणि वग यांच्या ज्या ध्वनिफिती आहेत, त्यांची यादी जाहीर करा. कार्यक्रमाचं नाव, कलावंत, लेखक, प्रसारणाचं वर्ष, एवढी माहिती असली तरी चालेल. अभ्यासकांना नि घरच्यांना निदान कळेल की आपल्या माणसाचा आवाज शिल्लक आहे.

दुसरं, 2024 मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' हे व्यासपीठ सुरू केलं. त्यावर मराठी विनोदाचा स्वतंत्र विभाग करा आणि 'पुन्हा प्रपंच'पासून जे जे हाती लागेल ते विनामूल्य ऐकू द्या. 23 जुलै 2027 रोजी मुंबईच्या नभोवाणी केंद्राला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या शताब्दीला याहून चांगली भेट नाही.

तिसरं, श्रोत्यांना आवाहन करा. टेपरेकॉर्डर घरात आले तेव्हा अनेकांनी रेडिओसमोर आणि जत्रेच्या कर्ण्याखाली बसून कॅसेटी भरल्या. त्या आज माळ्यावर धूळ खात आहेत, आणि फितीला बुरशी चढली की त्यांचा उपयोग संपला. केंद्रांनी त्या स्वीकाराव्यात, त्यांचं डिजिटल रूपांतर करावं आणि मूळ कॅसेट मालकाला सन्मानाने परत द्यावी.

चौथं आणि आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं, दरवर्षी पाडव्यापासून पुणे केंद्राचं एक पथक नारायणगावला पाठवा. राहुट्यांत सगळे फड एकाच ठिकाणी सापडतात, राज्यभर हिंडावं लागत नाही. तिथे सोंगाड्यांच्या निवांत मुलाखती घ्या. फडात कसे आलात, गुरू कोण, कुठली बतावणी कुणाकडून आली, कुठल्या गावात मार खायची वेळ आली, हे सगळं विचारा. मग त्यांच्यामागे एखाद्या जत्रेला जा आणि भर तमाशात मुद्रण करा. बंद खोलीत सोंगाड्या फुलत नाही. समोरच्या हशावर त्याचं पुढचं वाक्य ठरतं, म्हणून तो हशाही फितीत यायला हवा. आडव्या-तिडव्या शब्दांना घाबरून कात्री लावू नका. प्रसारणासाठी वेगळी आवृत्ती करा, पण संग्रहातली मूळ फीत अखंड ठेवा.

पाचवं, या मुद्रणाचं मानधन वेळेवर द्या, कलावंताचं पूर्ण नाव नोंदवा आणि हक्कात त्याचा वाटा ठेवा. ढोलकीवाला, हलगीवाला, सुरत्या यांचीही नावं लिहा. तमाशातल्या माणसांकडून समाजाने आजवर पुष्कळ फुकट घेतलं आहे. सरकारी संस्थेने तरी तसं करू नये.

महोदय, व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक आपल्या पुणे केंद्रात वर्षानुवर्षं ग्रामीण कार्यक्रमांचं काम पाहत होता. खेड्यातल्या माणसाची बोली जशीच्या तशी प्रसारणात आणायचं धाडस या केंद्राने एके काळी केलं आहे. म्हणजे मी मागतो ते आपल्या संस्थेला परकं नाही. फक्त सोंगाड्यांची पिढी म्हातारी होत चालली आहे, आणि एका हंगामाची दिरंगाईसुद्धा परवडणारी नाही.

येत्या पाडव्याला आपला माणूस पाठवा. कुठला फड कुठे उतरला आहे, कोणता सोंगाड्या कुठल्या गावच्या जत्रेला निघाला आहे आणि कुणाचा आवाज आधी मुद्रित करायला हवा, हे सांगायला गावातली जाणती माणसं बरोबर येतील. सोंगाड्यांतला सगळ्यात म्हातारा आधी घ्या. बाकीचे थांबू शकतात.

कळावे,

आपला,
नारायणगावचा एक श्रोता